गर्ल ग्रुप संगीत आणि त्याचे चाहते-संशोधक

गर्ल ग्रुप : अमेरिकेत साधारणपणे १९५७ ते १९६६ या काळात बहरलेला पॉप संगीताचा प्रकार व तो गाणाऱ्या तीन ते पाच मुलींच्या गायनवृंदांना मिळालेले नाव. एक मुख्य आवाज, त्याला सवाल-जवाब करणारा कोरस, अडीच-तीन मिनिटांची लांबी आणि शाळकरी वयातले प्रेम, रुसवा, आईबापांचा नकार हे विषय, अशी त्याची ढोबळ ओळख सांगता येईल. बहुतेक गायिका न्यूयॉर्क, न्यू जर्सी, डेट्रॉइट या भागांतल्या कृष्णवर्णीय मुली होत्या. गाणी लिहिणारे, ध्वनिमुद्रण करणारे आणि नफा मोजणारे बहुधा दुसरेच असत. या संगीताविषयी आज जे खात्रीने सांगता येते, त्यातला फार मोठा भाग रेकॉर्ड जमवणाऱ्या चाहत्यांनी शोधून काढलेला आहे. कंपन्यांच्या दप्तरांतून तो कधीच बाहेर आला नसता.

प्रारंभ बहुधा ब्राँक्समधल्या शँटेल्सपासून मानतात. १९५७च्या अखेरीस त्यांचे ‘मेबी’ आले, तेव्हा मुख्य गायिका आर्लीन स्मिथ १६ वर्षांची होती. त्यानंतर न्यू जर्सीतल्या पसेइक गावच्या चार मैत्रिणींचा शिरेल्स हा वृंद पुढे आला. फ्लॉरेन्स ग्रीनबर्ग या गृहिणीने मुलीच्या या शाळासोबतिणींचे गाणे ऐकले, त्यांना घेऊन रेकॉर्डच्या धंद्यात उडी मारली आणि पुढे सेप्टर ही कंपनी उभी केली. जेरी गॉफिन आणि तेव्हा १८ वर्षांची असलेली कॅरोल किंग यांनी लिहिलेले शिरेल्सचे ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ जानेवारी १९६१ मध्ये ‘बिलबोर्ड हॉट १००’ या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. कृष्णवर्णीय मुलींच्या वृंदाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मार्व्हलेट्सच्या ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’ने डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीला तिचे पहिले अव्वल गाणे दिले. त्या गाण्याची घडण करणारी जॉर्जिया डॉबिन्स मात्र ध्वनिमुद्रणापूर्वीच वृंदातून बाहेर पडली होती.

पुढच्या चार वर्षांत शिफॉन्स, क्रिस्टल्स, रॉनेट्स, एक्सायटर्स, डिक्सी कप्स, शांग्री-लाज अशी रांगच लागली. सुप्रीम्स या साऱ्यांच्या पुढे गेल्या. १९६४ ते १९६९ या काळात त्यांची १२ गाणी पहिल्या क्रमांकावर पोचली. त्यांची कथा सर्वांना ठाऊक असल्याने येथे विस्तार केलेला नाही.

नाव कोणाचे, आवाज कोणाचा : या धंद्यात वृंदाचे नाव ही अनेकदा कंपनीच्या किंवा व्यवस्थापकाच्या मालकीची वस्तू असे, गायिका बदलल्या तरी नाव चालू राही. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण क्रिस्टल्सचे. १९६२ मध्ये निर्माता फिल स्पेक्टर याच्या हाती जीन पिटनीने लिहिलेले ‘ही’ज अ रेबेल’ हे गाणे लागले. दुसरी एक कंपनी तेच गाणे व्हिकी कारकडून गाऊन घेत होती, त्यामुळे घाई होती. क्रिस्टल्स पूर्वेकडे होत्या आणि स्पेक्टरने ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत ठरवले. त्याने तिथल्याच ब्लॉसम्स या साथगायिकांच्या वृंदाला बोलावले आणि मुख्य आवाज डार्लीन राइटचा घेतला. रेकॉर्डवर नाव छापले ‘द क्रिस्टल्स’. नोव्हेंबरात गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. ज्यांनी ते गायलेच नव्हते, त्या मुलींना आता ते गावोगावच्या मंचांवर गाऊन दाखवावे लागले. जिने गायले तिला त्या कामाची ठरलेली रक्कम मिळाली आणि प्रकरण मिटले. पुढचे ‘ही’ज शुअर द बॉय आय लव्ह’ आपल्या नावाने निघेल अशी डार्लीनची समजूत होती. तेही क्रिस्टल्सच्याच नावाने बाजारात आले. ‘डार्लीन लव्ह’ हे नाव स्पेक्टरने दिलेले. त्या नावाची स्वतंत्र रेकॉर्ड निघायला १९६३ उजाडावे लागले. ‘डा डू रॉन रॉन’पासून क्रिस्टल्सचा आवाज खरोखरच क्रिस्टल्सचा, म्हणजे लाला ब्रुक्सचा आहे. एकाच नावाखाली लागोपाठच्या रेकॉर्डवर दोन वेगळे आवाज कसे, हा प्रश्न कान तयार असलेल्या श्रोत्यांना पडणारच होता.

हा प्रकार एकट्या स्पेक्टरचा नव्हता. १९६३ मध्ये गाजलेला रेनड्रॉप्स हा ‘वृंद’ म्हणजे गीतकार दांपत्य एली ग्रीनिच आणि जेफ बॅरी यांचे एकावर एक चढवलेले आवाज होते. शिफॉन्सनीच फोर पेनीज या नावानेही रेकॉर्ड काढल्या. मोटाउनमध्ये जॅकी हिक्स, मार्लीन बॅरो आणि लुव्हेन डेम्प्स यांचा अँडांटेज हा पगारी कोरस होता. मार्व्हलेट्स व सुप्रीम्स यांच्या उत्तरकाळातल्या अनेक गाण्यांत मागे ऐकू येतात त्या या तिघी. सुप्रीम्सच्या १९६८च्या ‘लव्ह चाइल्ड’मध्ये मुख्य गायिका डायना रॉसच्या मागे वृंदातल्या इतर दोघी नाहीतच. रॉसने सुप्रीम्सच्या नावाखाली गायलेल्या अखेरच्या अव्वल गाण्यात, १९६९च्या ‘समडे वी’ल बी टुगेदर’मध्ये, कोरस मॅक्सिन आणि ज्युलिया वॉटर्स या बहिणींचा आहे. स्वतः अँडांटेजच्या नावाने १९६४ मध्ये एकच रेकॉर्ड निघाली. तीही कंपनीने पुढे रेटली नाही, म्हणून आज ती संग्राहकांच्या स्वप्नातली वस्तू आहे.

शोधाची साधने : चाहत्यांच्या हाती होती ती मुख्यतः ४५ फेऱ्यांची छोटी रेकॉर्ड. तिच्या मधल्या कागदावर वृंद, गीतकार, प्रकाशक आणि कधी निर्माता यांची नावे असत, गायिकांची नसत. गाणे संपल्यावर उरणाऱ्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक मात्र बरेच सांगून जाई. दोन वेगळ्या नावांच्या रेकॉर्डचे क्रमांक लागोपाठ आले, की त्या एकाच बैठकीतल्या असाव्यात असा कयास बांधता येई. गीतकार आणि प्रकाशक तेच निघाले तर संशय बळावे, आणि शेवटचा निवाडा कानाने होई. श्वास कुठे घेतला, शब्दाचा शेवट कसा सोडला, हे शेकडो वेळा ऐकून ठरवलेले निवाडे पुढे कागदपत्रांनी खरे ठरवल्याची उदाहरणे आहेत. खोटे ठरवल्याचीही आहेत.

कागदपत्रांची एक खोड येथे सांगायला हवी. अमेरिकी वादक संघटनेच्या नियमामुळे प्रत्येक बैठकीचे करारपत्रक भरले जाई आणि त्यात वादकांची नावे व मोबदला असे. गायक त्या संघटनेत नसत. परिणामी ड्रमवर हॅल ब्लेन होता हे सांगणारा कागद सापडतो, पण कोरसमधली तिसरी मुलगी कोण, याला कागदी पुरावाच उरत नाही. स्पेक्टरच्या रेकॉर्डची उलटी बाजू तर वादकांच्या नावांनीच सजलेली आहे. रेडिओवाल्यांनी चुकूनही ती बाजू वाजवू नये म्हणून तो तिथे वादकांची सैल लहर भरत असे. १९६३च्या ‘बी माय बेबी’च्या पाठीवरच्या तुकड्याचे नाव ‘टेडेस्को अँड पिटमन’ आहे, म्हणजे टॉमी टेडेस्को आणि बिल पिटमन हे दोघे गिटारवादक. पुढच्या बाजूला प्राण ओतणारी व्हेरोनिका बेनेट मात्र फक्त ‘द रॉनेट्स’ या शब्दांत सामावलेली.

पहिले चाहते : या संगीताचे सर्वांत प्रसिद्ध चाहते लिव्हरपूलचे होते. बीटल्सच्या १९६३च्या पहिल्या अल्बममध्ये कुकीजचे एक आणि शिरेल्सची दोन गाणी आहेत. दुसऱ्यात मार्व्हलेट्सच्या जोडीला डोनेज या डेट्रॉइटच्या वृंदाचे गाणे आहे. डोनेजची मूळ रेकॉर्ड अमेरिकेतही फारशी कोणी ऐकली नव्हती. जॉर्ज हॅरिसनने ते गाणे गायले नसते तर हा वृंद याद्यांमध्येही उरला नसता. ब्रिटिश वृंदांच्या लाटेने गर्ल ग्रुप बुडवले हे विधान नेहमी केले जाते. ते अर्धेच खरे आहे, कारण त्या लाटेच्या पोटात हीच गाणी होती. हॅरिसनला ही आवड महागात पडली. त्याचे ‘माय स्वीट लॉर्ड’ हे शिफॉन्सच्या १९६३च्या ‘ही’ज सो फाइन’ची नकळत केलेली नक्कल आहे, असा निकाल न्यायालयाने १९७६ मध्ये दिला.

ब्रिटनमध्येच डेव्ह गॉडिन या केंटमधल्या तरुणाने टॅम्ला मोटाउन अॅप्रिशिएशन सोसायटी ही संस्था चालवली. तिच्या पत्रकांतून सभासदांना नव्या रेकॉर्ड, गायिका आणि डेट्रॉइटमधल्या हालचाली कळत. मोटाउनचा मालक बेरी गॉर्डी याने त्याला अमेरिकेला बोलावले, आणि १९६५ मध्ये ब्रिटनसाठी ‘टॅम्ला मोटाउन’ हे स्वतंत्र लेबल निघाले त्यामागे गॉडिनचा सल्ला होता. पुढे उत्तर इंग्लंडच्या नृत्यगृहांतल्या संगीताला ‘नॉर्दर्न सोल’ हे नावही त्यानेच दिले. त्या नृत्यगृहांत, विशेषतः १९७३ ते १९८१ या काळातल्या विगन कसिनोत, अमेरिकेत न खपलेल्या गर्ल ग्रुप रेकॉर्डना दुसरा जन्म मिळाला. पण तिथे ज्ञान वाटण्याइतकीच ते दडवण्याचीही रीत होती. दुर्मीळ रेकॉर्ड सापडली की डीजे मधला कागद झाकून वृंदाचे खोटे नाव सांगे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला ती मिळू नये. कंपन्यांनी गायिकांची नावे खोडली होती. चाहत्यांनीही काही काळ तेच केले, हे नमूद करणे भाग आहे.

१९७०च्या दशकात अमेरिकेत ग्रेग शॉ याचे ‘हू पुट द बॉम्प’ आणि त्याच धाटणीची इतर नियतकालिके निघाली. त्यांत लेबलनिहाय याद्या छापल्या जात, वाचक पुढच्या अंकात चुका दुरुस्त करत, आणि यादी वाढत जाई. याच वर्तुळातल्या अॅलन बेट्रॉकने १९८२ मध्ये ‘गर्ल ग्रुप्स : द स्टोरी ऑफ अ साउंड’ हे या विषयावरचे पहिले भरीव पुस्तक लिहिले. या सुरुवातीच्या संशोधनाचा एक दोष उघड आहे. ते स्पेक्टर व शॅडो मॉर्टन हे निर्माते आणि गॉफिन-किंग हे गीतकार यांच्याभोवती फिरते. निर्मात्याला कलावंत आणि गायिकेला कच्चा माल समजते. शार्लट ग्रेगच्या १९८९च्या आणि जॅकलिन वॉरविकच्या २००७च्या पुस्तकांनी रोख बदलला व गाणाऱ्या आणि ऐकणाऱ्या मुली मध्यभागी आणल्या. स्पेक्टरला २००९ मध्ये खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाल्यावर त्याच्याविषयीची भक्ती आणखी ओसरली.

परिणाम : कोणी काय गायले या माहितीला पैशांची आणि हक्कांची बाजूही आहे. रॉनेट्सना १९६३च्या करारापोटी सुमारे १५,००० डॉलरची एकरकमी उचल मिळाली, रॉयल्टी मिळाली नाही. त्यांचा दावा न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयात २००२ मध्ये निकाली निघाला : रेकॉर्डच्या विक्रीवरची रॉयल्टी त्यांना मिळावी, पण चित्रपट-जाहिरातींसाठी गाणे देण्याचा हक्क निर्मात्याचाच. १९८०च्या दशकात शांग्री-लाजच्या नावाने भलत्याच गायिका कार्यक्रम करू लागल्या. अशा तोतया वृंदांविरुद्ध सुप्रीम्सच्या मेरी विल्सनने कायद्यासाठी मोहीम चालवली आणि अनेक राज्यांनी तसे कायदे केले. डार्लीन लव्हला २०११ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. साथगायिकांवरच्या २०१३च्या ‘ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम’ या ऑस्करविजेत्या माहितीपटाने तिची हकिकत घरोघरी नेली.

संकलने : चाहत्यांच्या ज्ञानाचे आजचे रूप म्हणजे सीडी संचांसोबतच्या पुस्तिका. लंडनच्या एस रेकॉर्ड्सची ‘व्हेअर द गर्ल्स आर’ ही मालिका १९९७ मध्ये सुरू झाली. एससाठी संकलने करणारा मिक पॅट्रिक हा मूळचा चाहताच. ऱ्हायनो कंपनीने २००५ मध्ये काढलेला ‘वन किस कॅन लीड टू अनदर’ हा ४ सीडी आणि १२० गाण्यांचा संच बायकांच्या टोप्या ठेवण्याच्या गोल डब्याच्या आकाराचा आहे. त्याच्या निवडीत गाजलेली नावे मुद्दाम थोडी ठेवून न खपलेल्या रेकॉर्डना जागा दिली आहे. नव्या श्रोत्याने मात्र आधी शिरेल्स व शांग्री-लाज ऐकाव्यात आणि मगच या संचाकडे वळावे. दुर्मीळ ते चांगलेच, हा संग्राहकांचा समज या संचातही अधूनमधून डोकावतो.