आधी मोजा, मग फवारा

माझं रोजचं काम म्हणजे सर्व्हरवर नजर ठेवणं. अलर्ट वाजला की आधी लॉग बघायचे, मगच हात लावायचा. आजची गोष्ट मात्र भाताच्या शेतावर नजर ठेवण्याची आहे, इंडोनेशियातली.

1984 मध्ये इंडोनेशिया तांदळात स्वयंपूर्ण झाला. नवे वाण, खतं, आणि कीटकनाशकांवर भरघोस अनुदान. किमतीचा बहुतेक भाग सरकारच भरायचं. मग काय, कीड दिसो न दिसो, तारीख आली की फवारणी. आणि दोनच वर्षांत जावा बेटावर तपकिरी तुडतुडे असे उसळले की उभ्या भातात गोल गोल चट्टे पडले, आग लावल्यासारखे.

एवढं औषध मारूनही कीड वाढली कशी? मारलं म्हणूनच वाढली. तुडतुड्याची मादी अंडी घालते पानाच्या आवरणाच्या आत, तिथे फवारा पोचत नाही. बाहेर फिरणारे कोळी मात्र मरतात, आणि तुडतुडे खातात ते हेच. पीटर केन्मोर या संशोधकाने फिलिपिन्सच्या शेतात हे आधीच मोजून दाखवलं होतं. म्हणजे व्हायरस घालवायला गेले आणि अँटिव्हायरसच उडवला. (जोक बरा नाही, माहितीये.)

नोव्हेंबर 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली. अनुदानही 1989 पर्यंत संपवलं. पण बंदीने शेतकऱ्याची भीती थोडीच जाते? वर्षाचं धान्य समोर उभं आहे, आणि पंप खाली ठेव म्हणतात!

म्हणून 1989 पासून शेतीशाळा सुरू झाल्या. साधारण 25 शेतकरी, आठवड्यातून एक सकाळ, पूर्ण हंगामभर. गट करून चिखलात उतरायचं, चूड बाजूला सारून बुंध्याशी मोजायचं: तुडतुडे किती, कोळी किती. मग मोठ्या कागदावर रोपाचं चित्र काढायचं, एका बाजूला कीड, दुसऱ्या बाजूला तिला खाणारे. फवारायचं की नाही, हा वाद त्या चित्रासमोर. नुसता किडीचा आकडा इथे चालत नाही. चुडावर दहा तुडतुडे आणि चार कोळी असतील तर थांबता येतं, कोळी एकही नसेल तर गोष्ट वेगळी.

ज्यांना पटत नसे ते एका रोपावर जाळी घालून आत कोळी आणि तुडतुडे सोडत, आणि कोण कोणाला खातं ते स्वतः बघत.

आपल्याकडे कृषी विभागाच्या फलकावर ‘शेतीशाळा’ हा शब्द वाचला असेल ना? ती कल्पना जावातल्या याच चिखलातून आली. चला, भेटू पुढच्या भागात.