बंदुकांच्या रचनेत पॉलिमरचा वापर

बंदुकीत पोलाद आणि लाकडाऐवजी वजनाला हलके कृत्रिम पदार्थ वापरण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. काचतंतूंनी बळकट केलेले नायलॉन हा यातील प्रमुख पदार्थ. अलीकडे त्यात कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थांची भर पडली आहे. अशा शस्त्राला सर्रास 'प्लास्टिकची बंदूक' म्हटले जाते, परंतु ते नाव फसवे आहे. ९ मिलिमीटर पिस्तुलात काडतूस पेटताच वातावरणाच्या दोन हजार पटींहून अधिक दाब निर्माण होतो. हा दाब सोसणारी नळी आजही पोलादाचीच असते. पॉलिमरचा वापर होतो तो दस्ता, मूठ, सांगाडा आणि मॅगझिन यांसाठी.

अमेरिकेतील रेमिंग्टन कंपनीने १९५९ मध्ये 'नायलॉन ६६' ही लहान रायफल बाजारात आणली. तिचा दस्ता ड्यूपाँट कंपनीच्या नायलॉनपासून बनविलेला होता आणि आतील फिरत्या भागांना तेलपाण्याची फारशी गरज नव्हती. अक्रोडाच्या दस्त्याला सरावलेल्या ग्राहकांना ती प्रथम खेळण्यासारखी वाटली असल्यास नवल नाही. तरीही तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. पॉलिमरचा सांगाडा असलेले पहिले पिस्तूल जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीने १९७० मध्ये तयार केले.

या तंत्राला खरी मान्यता मिळाली ती ऑस्ट्रियात. गॅस्टन ग्लॉक यांना शस्त्रनिर्मितीचा पूर्वानुभव नव्हता. त्यांचे 'ग्लॉक १७' पिस्तूल ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये स्वीकारले. रिकाम्या ग्लॉकचे वजन मॅगझिनविना सुमारे ६२५ ग्रॅम भरते, तर संपूर्ण पोलादी ब्राउनिंग पिस्तुलाचे सुमारे ९०० ग्रॅम. भारतात राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे कमांडोही ग्लॉक वापरतात.

हे पिस्तूल विमानतळावरील तपासणीत सापडणार नाही, अशी भीती अमेरिकेत पसरली. १९९० च्या 'डाय हार्ड २' या चित्रपटातील नायकाने तर ते चक्क चिनी मातीचे ठरवले! प्रत्यक्षात ग्लॉकचे बहुतांश वजन धातूचेच असते. मात्र या चर्चेतून १९८८ मध्ये अमेरिकेत धातुशोधक यंत्राला न सापडणाऱ्या शस्त्रांवर बंदी घालणारा कायदा झाला. त्रिमितीय मुद्रणाने घरच्या घरी शस्त्रे बनविणे शक्य झाल्याने त्याचे महत्त्व वाढले असून २०२४ मध्ये त्याला २०३१ पर्यंत मुदतवाढ देण्यात आली.

पॉलिमरची खरी परीक्षा घेते ते तापमान. पोलाद ज्या उष्णतेला दाद देत नाही, त्या उष्णतेत नायलॉन मऊ पडू लागते, आणि कडाक्याच्या थंडीत काही प्लास्टिके ठिसूळ होतात. जर्मन सैन्याने १९९० च्या दशकात स्वीकारलेल्या 'जी ३६' रायफलचा सांगाडा पॉलिमरचा आहे. सततच्या गोळीबाराने तापल्यावर तिचा नेम चुकतो, असे सांगत संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांनी २०१५ मध्ये ती बदलण्याचा निर्णय जाहीर केला. कंपनीने हे आरोप फेटाळले. करारात ठरलेल्या निकषांनुसारच रायफल पुरविली गेली होती, असा निकाल कोब्लेंझच्या न्यायालयाने २०१६ मध्ये कंपनीच्या बाजूने दिला. म्हणजे प्रश्न जितका पदार्थाचा, तितकाच खरेदीच्या वेळी शस्त्राकडून काय मागितले गेले याचाही होता.

भारताला थंडीचा अनुभव आला. पुण्यातील शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास आस्थापनेने (एआरडीई) रचना केलेल्या 'इन्सास' रायफलला आतील काडतुसे दिसावीत म्हणून अर्धपारदर्शक प्लास्टिकचे मॅगझिन देण्यात आले होते. सोय उत्तम होती. पण १९९९ च्या कारगिल युद्धात उंचावरील गोठवणाऱ्या थंडीत या मॅगझिनना तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. शत्रूसमोर उभ्या असलेल्या जवानाच्या दृष्टीने तडकलेले मॅगझिन म्हणजे निकामी रायफल.

याच आस्थापनेने महू येथील इन्फन्ट्री स्कूलच्या साहाय्याने 'अस्मी' हे ९ मिलिमीटरचे मशीन पिस्तूल विकसित केले. जानेवारी २०२१ मध्ये ते जाहीर झाले. त्याचा वरचा सांगाडा विमानांसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमचा, तर खालचा कार्बन तंतूंचा आहे. चापाचे काही भाग धातूच्या त्रिमितीय मुद्रणाने बनविण्यात आले. हैदराबादमध्ये उत्पादित झालेली अशी ५५० पिस्तुले २०२४ मध्ये लष्कराच्या उत्तर विभागात दाखल झाली. लडाखचा अतिथंड प्रदेश याच विभागाच्या अखत्यारीत येतो.