झिजलेल्या मुलाम्याचे जतन : घरातील पदक, क्रूस आणि रोझरी

दिवंगत आईच्या गळ्यातील पदक, आजीच्या हातातील रोझरी, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या दिवशी मिळालेला लहानसा क्रूस अशा वस्तू पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांत जपून ठेवलेल्या असतात. बाजारात त्यांचे मोल थोडे असते. परंतु त्यांचा मुलामा एकदा गेला की तो पूर्वीसारखा परत येत नाही. म्हणून अशा वस्तूंची निगा कशी राखावी, याची माहिती येथे देत आहोत.

मुलामा का झिजतो?

१८३० साली पॅरिस येथे संत कॅथरिन लाबुरे यांना झालेल्या दर्शनानंतर १८३२ साली पवित्र मरियेचे 'चमत्कारिक पदक' प्रथम घडविण्यात आले. आज अशी पदके अनेक धातूंत मिळतात. स्वस्त पदकांत पितळ किंवा अन्य हलक्या धातूवर चांदीचा अथवा सोनेरी मुलामा दिलेला असतो. हा थर केसापेक्षाही कितीतरी पातळ असतो. बोटांच्या व कपड्यांच्या घर्षणाने प्रथम उंचवटे, म्हणजे चेहरा, हात आणि कडा झिजतात. घामातील क्षार उघड्या पडलेल्या धातूला गंजवतात, तर हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदी काळी पडते. पदकाचा चेहरा पिवळसर आणि खोलगट भाग पांढरा दिसत असेल, तर खालचे पितळ उघडे पडले आहे असे समजावे.

स्वच्छता

भांडी घासण्याची पूड, चिंच, लिंबू, राख किंवा दंतमंजन यांचा वापर मुलाम्याच्या वस्तूवर कधीही करू नये. तांब्यापितळेच्या जाड भांड्याला ते चालते. येथे मात्र प्रत्येक घासणीबरोबर उरलेला थरही जातो. आम्ल पदार्थ पितळातील जस्त ओढून घेतात आणि पृष्ठभाग तांबूस होतो. मऊ, कोरड्या सुती कापडाने हलकेच पुसणे बहुधा पुरेसे ठरते. मळ चिकट असेल तर शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब टाकून कापूस ओलसर करावा, वस्तू पुसावी, पुन्हा साध्या शुद्ध पाण्याने पुसून लगेच पूर्ण कोरडी करावी. वस्तू पाण्यात बुडवून ठेवू नये. लाकडी मणी तर भिजवूच नयेत. कोरीव भागातील काळसरपणा राहू द्यावा. त्यामुळेच झिजलेली आकृती ओळखू येते.

संरक्षक थर

संग्रहालयांतून धातूच्या वस्तूंवर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा अत्यंत पातळ हात दिला जातो. कापडाने किंचित मेण लावून थोड्या वेळाने हलकेच पुसावे. मेण पुढे काढता येते, हा त्याचा मोठा गुण. नखांचे पॉलिश किंवा लाकडाचे वॉर्निश मात्र लावू नये. ते कालांतराने पिवळे पडते, पोपडे धरते आणि काढताना मुलामाही सोबत नेते.

साठवण

बालाघाटाच्या डोंगररांगेतील येडशी परिसरात उन्हाळा कडक व कोरडा, तर पावसाळा दमट असतो. पावसाळ्यात धातू काळा पडतो, उन्हाळ्यात लाकडी मणी आकसतात. वस्तू धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावी व सोबत ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी घालावी. वर्तमानपत्राचा कागद, लोकर आणि रबर टाळावे. रबरातील गंधक चांदीला काळे करते. हीच काळजी अन्य आठवणींनाही लागू पडते. १९११ साली लातूरपर्यंत पोहोचलेल्या बार्शी लाइट रेल्वेचा अरुंदमापी मार्ग येडशीवरून जात असे; तेथे नोकरी केलेल्या आजोबांचा पितळी बिल्ला एखाद्या घरी असेल, तर त्यालाही घासूनपुसून चकचकीत करू नये.

पुन्हा मुलामा द्यावा काय?

हा निर्णय घाईने घेऊ नये. नवा मुलामा देण्यापूर्वी कारागीर वस्तू घासून गुळगुळीत करतो. त्यात जुना थर, बोटांच्या झिजेची खूण आणि मागील कोरलेली अक्षरे नाहीशी होऊ शकतात. येडशीहून फार दूर नसलेल्या तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात प्राचीन तगर नगरीच्या लहान लहान वस्तू जतन केल्या आहेत. त्या नव्यासारख्या केल्या असत्या, तर त्यांची साक्षच संपली असती. रोज वापरावयाचे असेल तर नवे पदक आशीर्वादित करून घ्यावे आणि जुने जपावे. कडी किंवा साखळी तुटण्याच्या बेतात असल्यास तेवढीच बदलावी, पदकाला हात लावू नये. काम सुरू होण्यापूर्वी दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवावीत.

आशीर्वादित वस्तू खासगी मालकीची असली तरी तिचा आदर राखला जावा, असे १९८३ च्या धर्मसंहितेतील नियम ११७१ च्या आधारे म्हणता येते. आदर म्हणजे चकाकी नव्हे. रोममधील संत पेत्राच्या महामंदिरात संताच्या ब्राँझ पुतळ्याचा उजवा पाय भाविकांच्या स्पर्शाने पार गुळगुळीत झाला आहे, आणि कोणी तो दोष मानीत नाही. आईच्या पदकावरील झीज हीदेखील तिच्या प्रार्थनेचीच खूण आहे. ती पुसून टाकू नये. एवढेच पाहावे की ती आणखी वाढू नये.