नवतंत्रज्ञान कंपन्यांची संघटनात्मक रचना

मोजक्या संस्थापकांनी सुरू केलेल्या तंत्रज्ञान कंपनीचा विस्तार होत असताना तिच्यात पदे, विभाग, अधिकार आणि नियम यांची जी क्रमाक्रमाने बांधणी होते, तिला औपचारिक संघटनात्मक रचना म्हणतात. प्रारंभी परस्परविश्वासावर आणि तोंडी संवादावर चालणारा कारभार या प्रक्रियेत लेखी व उत्तरदायी होत जातो.

कारणे

आरंभीच्या काळात एकाच खोलीतील माणसे आज्ञावली-लेखन, विक्री व हिशेब ही कामे आपसांत वाटून घेतात. संख्या वाढली की हे अशक्य होते. दहा व्यक्तींमध्ये परस्परसंवादाच्या ४५ जोड्या संभवतात, तर शंभर व्यक्तींमध्ये ४,९५०. गुंतवणूकदारांच्या अपेक्षा आणि कंपनी, कर व कामगारविषयक कायदे यांमुळेही लेखी व्यवस्था आवश्यक ठरते.

अभ्यास

लॅरी ग्रेनर यांनी १९७२ मध्ये संस्थांच्या वाढीचे सर्जनशीलता, दिग्दर्शन, अधिकारप्रदान, समन्वय आणि सहकार्य असे पाच टप्पे मांडले. एका टप्प्यातील यशाची रीतच पुढे अडचण ठरते आणि त्यातून नवा टप्पा सुरू होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. जेम्स बॅरन, मायकेल हॅनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉन व्हॅलीतील तरुण कंपन्यांचा अभ्यास केला. संस्थापकांच्या रोजगारविषयक मूळ कल्पनांचा ठसा दीर्घकाळ टिकतो आणि तो आराखडा बदलल्यास नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढते, असे त्यांना आढळले.

उदाहरणे

१९९८ मध्ये स्थापन झालेल्या गूगलने २००१-०२ च्या सुमारास अभियंत्यांवरील व्यवस्थापकांची पदे काढून टाकली. मात्र खर्चाच्या बिलांपासून आपसांतील तंट्यांपर्यंतचे प्रश्न थेट लॅरी पेज यांच्याकडे येऊ लागले व हा प्रयोग काही महिन्यांतच आवरता घ्यावा लागला. पुढे 'प्रोजेक्ट ऑक्सिजन' या अंतर्गत अभ्यासातून व्यवस्थापकांचे महत्त्व कंपनीने स्वतःच मान्य केले.

इन्फोसिसची स्थापना १९८१ मध्ये पुणे येथे सात अभियंत्यांनी केली. १९८३ मध्ये कंपनी बंगळूर येथे गेली. १९९३ मध्ये तिचे समभाग भारतीय शेअर बाजारात आले आणि १९९९ मध्ये ते अमेरिकेतील नॅसडॅकवर नोंदले गेले. मुख्य कार्यकारी अधिकारीपद २००२ मध्ये नारायण मूर्ती यांच्याकडून नंदन निलेकणी यांच्याकडे आले; २०१४ मध्ये विशाल सिक्का यांच्या रूपाने संस्थापकांबाहेरील व्यक्ती प्रथमच त्या पदावर आली.

मर्यादा

नियमांचा अतिरेक झाल्यास निर्णय लांबतात आणि नवनिर्मितीला खीळ बसते. ग्रेनर यांनी याला लालफितीचे संकट म्हटले आहे. याउलट, रचनेचा अभाव म्हणजे समता नव्हे, हा मुद्दा जो फ्रीमन यांनी १९७० च्या दशकात स्त्रीमुक्ती चळवळीच्या संदर्भात मांडला. लेखी नियम नसले तरी सत्ता असतेच. ती जुन्या परिचितांच्या वर्तुळात राहते आणि नव्याने आलेल्याला दाद कोणाकडे मागावी, हे कळत नाही. त्यामुळे रचना असावी की नसावी यापेक्षा ती कोणाला उत्तरदायी असावी, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.