पाळीव कासवाचे आरोग्य : घ्यावयाची काळजी आणि कायद्याची मर्यादा

हुणसूर (जि. म्हैसूर) : नागरहोळे राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीवरील हुणसूर हे तालुक्याचे गाव लक्ष्मणतीर्थ नदीच्या काठी वसले आहे. ही नदी पुढे कृष्णराजसागर जलाशयात कावेरीला मिळते. येथील नद्या, तळी आणि माळराने अनेक जातींच्या कासवांचे नैसर्गिक आश्रयस्थान आहेत. त्यामुळे घरात कासव पाळू इच्छिणाऱ्याने सर्वप्रथम ते कोणत्या जातीचे आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

कायदा काय सांगतो?

देवळाच्या सभामंडपातील दगडी कासवाला नमस्कार करणाऱ्या समाजात, कासव घरी ठेवल्यास भरभराट होते, असा समज रूढ आहे. या समजातूनच पाठीवर चांदणीसारखी नक्षी असलेल्या तारांकित कासवाची, म्हणजेच स्टार कासवाची, चोरटी विक्री होते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ अन्वये हे कासव पकडणे, विकणे वा बाळगणे गुन्हा आहे. कायद्यातील दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि पूर्वी चौथ्या अनुसूचीत असलेली ही जात पहिल्या अनुसूचीत समाविष्ट झाली. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षे कारावास व किमान २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. २०१९ मध्ये ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय करारानेही या कासवाच्या व्यापारी उलाढालीवर बंदी घातली. तळ्यात आढळणारे मऊ पाठीचे कासवही संरक्षित आहे.

बाजारात उघडपणे विकले जाते ते बहुधा डोळ्यामागे लाल पट्टा असलेले ‘रेड-इअर्ड स्लायडर’. हे मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील. पुढील सूचना याच जातीसाठी आहेत.

निवारा आणि पाणी

विकत घेताना नाण्याएवढे दिसणारे हे पिल्लू पुढे २५ ते ३० सेंटीमीटरपर्यंत वाढते आणि योग्य निगा राखल्यास ३० वर्षांहून अधिक जगू शकते. लहान काचेचे भांडे त्याला पुरत नाही. कवचाच्या लांबीच्या दर इंचामागे सुमारे ४० लीटर पाणी, असा ढोबळ हिशेब सांगितला जातो. पाण्यासाठी सक्षम फिल्टर असावा. दर आठवड्याला सुमारे पाव हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी क्लोरीन काढूनच वापरावे.

पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे. पूर्ण कोरडे होऊन बसता येईल असा दगड किंवा फळी ठेवावी आणि तेथील तापमान ३० ते ३२ अंश असावे.

ऊन आणि आहार

कवच व हाडे बळकट राहण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व लागते आणि ते तयार होण्यास अतिनील किरणांची आवश्यकता असते. खिडकीची काच हे किरण अडवते. त्यामुळे काचेआडचे ऊन उपयोगी पडत नाही. थेट कोवळे ऊन किंवा अतिनील किरणांचा खास दिवा द्यावा. उन्हात ठेवताना जवळ सावली असावी, अन्यथा कासव उष्माघाताने दगावू शकते.

पिल्लांना प्रथिनयुक्त आहार रोज द्यावा. मोठ्या कासवांना गोळीखाद्य एक-दोन दिवसांआड पुरते. त्यांच्या आहारात पाणवनस्पती व हिरव्या पालेभाज्यांचे प्रमाण अधिक असावे. केवळ सुकी कोळंबी, भात किंवा पाव यांवर कासव निरोगी राहत नाही. स्लायडर पाण्यातच घास गिळते, म्हणून खाद्य पाण्यात टाकावे.

आजाराची लक्षणे

डोळे सुजून मिटलेले राहणे हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाचे लक्षण असू शकते. कवच मऊ पडणे कॅल्शियमची किंवा अतिनील किरणांची कमतरता दर्शवते. नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे किंवा एका बाजूला कलून पोहणे ही श्वसनमार्गाच्या संसर्गाची चिन्हे आहेत. कवचावर दुर्गंधीयुक्त खड्डे दिसल्यास कवच कुजू लागले असे समजावे. अशा वेळी घरगुती उपाय न करता पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. अमेरिकेत मुलांना होणाऱ्या संसर्गामुळे चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ मध्ये बंदी घालण्यात आली. कासव हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत आणि त्याची पेटी स्वयंपाकघरातील मोरीत धुऊ नये. पाच वर्षांखालील मुलांना कासव हाताळू देऊ नये.

नदीत सोडू नये

कासव मोठे झाले, की ते नदीत किंवा देवळाच्या तळ्यात सोडण्याचा मोह होतो. पुण्यकर्म मानले जाणारे हे कृत्य अपायकारक आहे. जगातील १०० सर्वाधिक घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत स्लायडरचा समावेश आहे. ते स्थानिक कासवांचे अन्न व ऊन खाण्याच्या जागा बळकावते, तसेच रोगही पसरवू शकते. लक्ष्मणतीर्थेसारख्या लहान नदीत सोडलेले एक कासव कावेरीपर्यंत पोहोचू शकते. सांभाळणे अशक्य झाल्यास वनविभाग किंवा प्राणी बचाव केंद्राशी संपर्क साधावा. तीस वर्षांची जबाबदारी पेलण्याची तयारी नसल्यास कासव विकत न घेणे हेच श्रेयस्कर.