वास्तूच्या अंतर्भागाचे समोरून घेतलेले छायाचित्र : दुरुस्तीच्या परंपरेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

घरांच्या खरेदी-विक्रीच्या जाहिरातीत दिसणारे खोलीचे छायाचित्र बहुधा एका ठरावीक बांधणीचे असते. समोरची भिंत चौकटीला समांतर असते, दारे-खिडक्यांच्या उभ्या कडा ओळंब्यात असतात आणि जमीन व छत यांच्या बाजूच्या रेषा चित्राच्या मध्याकडे धावतात. ही बांधणी संगणकयुगाची देणगी होय, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः तिचे मूळ छायाचित्रणकलेच्याही आधीचे आहे. प्रस्तुत लेखात या बांधणीचा आणि तिच्यासाठी केल्या गेलेल्या दुरुस्त्यांचा मागोवा घेतला आहे. दुरुस्ती कोठे संपते व दिशाभूल कोठे सुरू होते, हा प्रश्न या इतिहासात वारंवार डोके वर काढतो आणि घर घेणाऱ्याच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा ठरतो.

चित्रकारांचा वारसा

समांतर रेषा दूरच्या एका बिंदूत मिळाल्याचा भास कागदावर कसा उतरवावा, याचे शास्त्र पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये आकारास आले. ब्रुनेलेस्कीने त्याचे प्रात्यक्षिक दाखविले आणि आल्बेर्तीने १४३५ मध्ये चित्रकलेवरील ग्रंथात त्याची मांडणी केली. मात्र इमारतीचा अंतर्भाग हाच चित्राचा संपूर्ण विषय करून त्यात आयुष्य वेचणारा कलावंत म्हणून हॉलंडच्या पीटर सान्रेडाम (१५९७–१६६५) याचा उल्लेख करावा लागतो. तो प्रथम चर्चमध्ये बसून रेखाटन करी, मग मोजमापांच्या आधारे दुसरे काटेकोर रेखाचित्र तयार करी आणि त्यावरून पुढे, कधी कधी अनेक वर्षांनी, रंगचित्र सिद्ध करी. असेनडेल्फ्ट येथील चर्चच्या त्याच्या चित्रावर १६४९ हे वर्ष आहे. त्यामागील रेखाटन १६३४ चे आहे. इतकी मोजमापे घेणारा हा चित्रकारही रंगचित्रात प्रमाणे बदलत असे, हे अभ्यासकांनी त्याची रेखाटने व चित्रे ताडून दाखवून दिले आहे. रेषा अचूक असल्या म्हणजे खोली अचूक असतेच असे नाही, याचा हा जुना पुरावा मानता येईल.

कॅमेऱ्याचा प्रवेश

कॅमेऱ्याने घेतलेली जी सर्वांत जुनी निगेटिव्ह आज उपलब्ध आहे, ती योगायोगाने घराच्या आतूनच घेतलेली आहे. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याने ऑगस्ट १८३५ मध्ये इंग्लंडमधील लॅकॉक अॅबी या आपल्या निवासस्थानातील जाळीदार खिडकी टिपली. निगेटिव्ह जेमतेम इंचभर आकाराची होती. तरी खिडकीच्या काचेचे सुमारे २०० चौकोन भिंगाच्या साहाय्याने मोजता येत होते, अशी नोंद त्याने केली.

पुढील काळातील छायाचित्रकारांपुढील अडचण भूमितीची होती. उंच छत चित्रात यावे म्हणून कॅमेरा वर कलविला, की भिंती वरच्या बाजूस एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात. कारण कॅमेऱ्यातील काच त्या वेळी भिंतीला समांतर राहत नाही. भात्याच्या मोठ्या कॅमेऱ्यात यावर उपाय होता. काच ओळंब्यात ठेवून पुढील फळीवरचे भिंग तेवढे वर सरकविता येत असे. अर्थात ही दुरुस्ती चित्र घेतल्यानंतरची नव्हती. चित्र मुळात वाकडे होऊच नये, अशी ती व्यवस्था होती.

या व्यवस्थेच्या मर्यादाही होत्या. पॅरिसचा छायाचित्रकार यूजेन आत्झे (१८५७–१९२७) १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचांवर काम करीत असे. त्याच्या अनेक चित्रांचे वरचे कोपरे काळे व गोलाकार दिसतात. भिंग इतके वर सरकविलेले असे, की त्यातून पडणाऱ्या प्रतिमेचे वर्तुळ काचेच्या कोपऱ्यांपर्यंत पोहोचत नसे. १९१० मध्ये त्याने पॅरिसमधील घरांच्या अंतर्भागांच्या ६० छायाचित्रांचा संग्रह सिद्ध केला. कामगाराची खोली, व्यापाऱ्याचे घर, नटाचे घर अशी त्यांची शीर्षके आहेत. मात्र नटाचे म्हणून दाखविलेले घर प्रत्यक्षात आत्झेचे स्वतःचेच होते, हे पुढे संशोधनातून उघड झाले. तो पूर्वाश्रमीचा नटच होता, हे लक्षात घेतले तर शीर्षक निखालस खोटे म्हणता येत नाही, ही गंमत निराळी. परंतु पाहणाऱ्याची फसगत चित्रातील रेषांनी नव्हे, तर खालच्या ओळीने केली.

रुंद भिंगाचे युग

लहान खोलीत मागे सरकण्यास जागा नसते. त्यामुळे अधिक रुंद कोन टिपणाऱ्या भिंगाची निकड प्रारंभापासून होती. १९०० मध्ये जर्मनीतील गोर्त्झ कंपनीचे हायपरगॉन हे भिंग आले. त्याचा कोन १३० अंशांहून अधिक होता. पण कडांना प्रकाश फार कमी पडे. तो सारखा करण्यासाठी भिंगापुढे एक चांदणीच्या आकाराची चकती रबरी फुग्याच्या हवेने फिरवावी लागे. १९५४ मध्ये हॅसलब्लाडच्या कॅमेऱ्यावर त्साइसचे बायोगॉन हे भिंग आले. लहान फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी सरकणारे भिंग निकॉनने १९६० च्या दशकाच्या आरंभी आणले. कॅननने १९७३ मध्ये त्याला कलविण्याचीही सोय जोडली.

रुंद भिंगाचा परिणाम साध्या हिशेबाने समजतो. १० फूट रुंद व १२ फूट लांब अशा खोलीत छायाचित्रकार मागच्या भिंतीला टेकून उभा आहे, असे मानू. ३६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर ३५ मिलिमीटरच्या भिंगाने समोरची भिंत चित्राच्या रुंदीचा सुमारे ८१ टक्के भाग व्यापते. २४ च्या भिंगाने ५६ टक्के आणि १७ च्या भिंगाने अवघा ३९ टक्के. भिंत आक्रसली, की खोली लांबच लांब भासते. गणिताच्या दृष्टीने यात खोटे काहीच नाही, कारण योग्य अंतरावरून पाहिल्यास तेच चित्र यथार्थ दिसते. मात्र १७ मिलिमीटरच्या भिंगाचे चित्र १४ सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर पाहायचे, तर ते अंतर सुमारे साडेसहा सेंटिमीटर येते. इतक्या जवळ पडदा धरून घर पाहणारा ग्राहक विरळाच. शिवाय अशा चित्रात कडेच्या वस्तू ताणल्या जातात. मध्यापासून ४५ अंशांवरील गोल दिवा सुमारे १.४ पट लांबट उमटतो. कडेला ठेवलेला सोफा त्यामुळेच ऐसपैस वाटतो.

संगणकावरील दुरुस्ती

२००५ मध्ये फोटोशॉपच्या सीएस२ या आवृत्तीत भिंगदोष सुधारण्याची सोय आली. त्याच वर्षी भारतात ९९एकर्स हे घरांच्या जाहिरातींचे संकेतस्थळ सुरू झाले. २०१३ मध्ये लाइटरूमच्या पाचव्या आवृत्तीने एका कळीसरशी उभ्या रेषा सरळ करून दिल्या. येथे परंपरेत मूलभूत बदल घडला. पूर्वी रेषा सरळ राखण्यासाठी खोलीत उभे राहून पाणसळ पाहावी लागे. आता वाकडे चित्र मागाहून ताणले जाऊ लागले. ताणताना कडा कापल्या जातात आणि वरच्या भागातील तपशील विरळ होतो. उंची व रुंदीचे प्रमाण पुन्हा तपासले नाही, तर छतही आहे त्याहून उंच दिसू शकते. समोरून घेतलेल्या चित्रात आणखी एक जाचक बाब असते. कॅमेरा डावी-उजवीकडे अंशभर जरी वळला, तरी फरशीची व खिडकीच्या तळाची रेषा तिरपी होते आणि डोळ्यांना लगेच खुपते. म्हणून जाणकार छायाचित्रकार एकतर पूर्ण समोरून चित्र घेतात किंवा स्पष्टपणे कोपऱ्यातून.

कायद्याची दृष्टी

कायद्याने या प्रश्नाकडे उशिरा आणि तुकड्यातुकड्याने पाहिले. ब्रिटनच्या १९९१ च्या मालमत्ताविषयक चुकीच्या वर्णनांच्या कायद्याने शब्दांप्रमाणेच चित्रालाही विधान मानले होते. तो कायदा २०१३ मध्ये रद्द झाला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२६ पासून लागू झालेला कायदा डिजिटल फेरफार केलेल्या चित्रासोबत तसा खुलासा देणे व मूळ चित्र उपलब्ध करणे बंधनकारक करतो. मात्र प्रकाश, रंग, कोन, सरळपणा व काटछाट यांच्या नित्याच्या दुरुस्त्या वास्तूचे स्वरूप बदलत नसतील, तर त्या यातून वगळल्या आहेत. सान्रेडामपासून चालत आलेली रेषांची दुरुस्ती अशा रीतीने कायद्याने निर्दोष ठरविली. भिंगाच्या रुंदीने घडणारा भास मात्र चर्चेच्या बाहेरच राहिला.

भारतात स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १२ नुसार जाहिरातीतील किंवा नमुना सदनिकेतील चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्यास नुकसान झाल्यास प्रवर्तकाने भरपाई द्यावयाची आहे. त्याच अधिनियमाने कार्पेट एरियाची, म्हणजे सदनिकेतील प्रत्यक्ष वापरायोग्य क्षेत्राची व्याख्या निश्चित केली. त्यामुळे महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पाच्या बाबतीत ग्राहकाला चित्रातील खोली आकड्याशी ताडून पाहता येते. ही जबाबदारी प्रवर्तकावर आहे. राहते घर विकणारा मालक त्या व्याख्येत बसत नाही आणि पुणे-मुंबईतील पुनर्विक्रीच्या घराची खोली १७ च्या भिंगाने टिपली आहे की ३५ च्या, हे जाहिरातीत लिहिण्याचे बंधन त्याच्यावर नाही.