फिल्म सोसायटी

व्यावसायिक चित्रपटगृहांत सहसा न पोचणारे देशोदेशीचे चित्रपट सभासदांना दाखवणारी आणि त्यांवर चर्चा घडवणारी संस्था म्हणजे फिल्म सोसायटी. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आदींनी १९४७ मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. १९५९ मध्ये देशातील सोसायट्यांचा महासंघ झाला. मुंबईत १९६८ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळाने ही चळवळ मराठी रसिकांत रुजवली. ‘वास्तव रूपवाणी’ हे त्याचे नियतकालिक. परदेशी वकिलातींकडून प्रिंट मिळवायची, खेळ लावायचा आणि नंतर बर्गमन थोर की कुरोसावा यावर तावातावाने भांडायचे (चित्रपट न कळलेलेही त्यात मागे नसत!). आता हेच चित्रपट घरबसल्या दिसतात; खेळानंतर चर्चेसाठी थांबणारा प्रेक्षक मिळवणे हे सोसायट्यांपुढचे अवघड काम आहे.